उथळ समुद्रातील जहाजांचे अवशेष व स्कूबा डायव्हिंग : गोव्याच्या किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

वऱ्हाड हा समुद्रापासून दूर असलेला प्रदेश आहे. तथापि, १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यानंतर अकोला, अमरावतीचा कापूस मुंबई बंदरातून जहाजाने परदेशी जाऊ लागला आणि या प्रदेशाचे अर्थकारण सागरी व्यापाराशी अधिक घट्ट जोडले गेले. त्या व्यापाराचा इतिहास जसा दप्तरांत आहे, तसाच तो समुद्रतळाशी बुडालेल्या जहाजांतही आहे. हे अवशेष कसे अभ्यासले जातात आणि उथळ पाणी ही त्यातील अडचण का ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

गोव्यातील अवशेष :

गोवा येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या जहाजांचे संशोधन केले. त्यांपैकी सुंची रीफ या खडकाळ भागात अवघ्या तीन ते सहा मीटर खोलीवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, लोखंडी तोफा, नांगर व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आढळले. हे जहाज सतराव्या शतकातील असल्याचे अनुमान आहे. पाणघोडा हा आफ्रिकेतील प्राणी, तर चिनी भांडी पूर्वेकडील. अशा रीतीने एकाच ठिकाणच्या वस्तू पोर्तुगीजकालीन व्यापाराची व्याप्ती सांगतात.

सेंट जॉर्ज रीफ येथे भाजलेल्या मातीची कौले व विटा मिळाल्या. त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशन कौल कारखान्याची मुद्रा आहे. हा कारखाना १८६५ मध्ये स्थापन झाला. म्हणजेच ते जहाज त्यापूर्वी बुडालेले असू शकत नाही. ‘मंगलोरी कौल’ महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. ते समुद्रतळाशी सापडल्यावर कालनिश्चितीचे साधन ठरते.

लाकूड का टिकत नाही ?

उष्ण व खारट पाण्यात जहाजकिडा लाकूड पोखरतो. त्यामुळे उघडे पडलेले लाकूड नष्ट होते आणि धातू, दगड, मृत्तिका व हस्तिदंत यांवरच भिस्त ठेवावी लागते. याउलट १६२८ मध्ये स्टॉकहोम बंदरात बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आले. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड असून त्यात मिठाचे प्रमाण कमी असल्याने तेथे हा किडा तग धरत नाही.

उथळ पाण्यातील धोके :

उथळ पाणी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो. दहा मीटर खोलीवर तो दोन होतो, वीसवर तीन आणि तीसवर चार. बॉईलच्या नियमानुसार तीस मीटरवरून वीसवर येताना हवेचे आकारमान एक तृतीयांशाने वाढते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र ते दुप्पट होते. म्हणून श्वास रोखून वर येणाऱ्या पाणबुड्याच्या फुप्फुसाला एखाद-दोन मीटरच्या फरकानेही इजा होऊ शकते. सतत श्वास घेत सावकाश वर येणे हा पहिला नियम होय.

याशिवाय लाटांचा हेलकावा उथळ तळापर्यंत पोहोचून माणसास खडकावर किंवा गंजलेल्या लोखंडावर आदळतो आणि गाळ ढवळून दृश्यमानता कमी करतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने थंड समुद्रात जाड पोशाख अनिवार्य असतो. उष्ण समुद्रातही दीर्घकाळ काम केल्यास शरीर गारठते. पावसाळ्यात तर पश्चिम किनाऱ्यावर हे काम थांबवावेच लागते.

वारशाचा प्रश्न :

ज्या उथळपणामुळे संशोधक तेथे पोहोचतो, त्याच उथळपणामुळे हौशी पर्यटक व भंगार शोधणाराही पोहोचतो. जागचे कौल उचलले की ते कोणत्या वस्तूशेजारी, कोणत्या दिशेने पडले होते हा पुरावा कायमचा नष्ट होतो. शिवाय खाऱ्या पाण्यातून काढलेली लोखंडी वस्तू क्षारमुक्त न केल्यास हवेत झपाट्याने झिजते. म्हणूनच युनेस्कोच्या २००१ च्या करारात अवशेष मूळ जागीच जतन करण्याचा पर्याय प्रथम विचारात घ्यावा, असे म्हटले आहे. भारतात पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा पुरावस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर नियंत्रण ठेवतो.

निष्कर्ष :

बुडालेले जहाज म्हणजे एका क्षणी थांबलेला व्यापार होय. त्याच्या अभ्यासास इतिहास, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व विधी या साऱ्या विषयांची गरज भासते. समुद्रकिनारी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘पाहावे, नोंदवावे, उचलू नये’ ही शिस्त वर्गातच दिली गेली, तर या वारशाच्या रक्षणास किनाऱ्यापासून दूर असलेली महाविद्यालयेही हातभार लावू शकतील.