चौथ्या मजल्यावरचे दोन मेंढपाळ

मुलुंडच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात बंड्या आणि जाई हे दोन बॉर्डर कॉली राहतात. घरात मेंढ्या नाहीत, त्यामुळे ते आम्हालाच हाकतात. पाहुणे निघाले की बंड्या दाराशी आडवा बसतो आणि जाई मागून वळसा घालून सगळ्यांना पुन्हा सोफ्याकडे वळवते. आधी याचे कौतुक होते. मग सोसायटीत सायकल चालवणाऱ्या एका मुलाच्या टाचेला दात लागले आणि कौतुक संपले.

हा खोडकरपणा नव्हे. नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, चावा आणि ठार मारणे हे लांडग्याच्या शिकारीचे टप्पे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यातले सुरुवातीचे टप्पे ठळक केले, शेवटचे दाबले. आपल्या धनगरांच्या कुत्र्याचे काम वेगळे. तो कळप हाकत नाही, लांडग्यापासून राखतो. म्हणून तासन्‌तास स्वस्थ पडून राहू शकतो.

‘दमवा, म्हणजे शांत होतील,’ असे सगळे सांगत. (दुसरे कुत्रे आणा, एकमेकांना दमवतील, हाही सल्ला मिळाला होता. दोघे एकमेकांना चेतवतात, हे जाई आल्यावर कळले.) गेल्या मे महिन्यात सकाळी साडेआठला मैदानावर चेंडू फेकत होतो. जाई विसाव्या फेरीला धडपडली. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटत होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. अंगातली उष्णता बाहेर पडते ती धापा टाकताना जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडून. मुंबईच्या दमट हवेत तो ओलावा उडतच नाही. त्यात ही जात चेंडू येतोय तोवर थांबत नाही. थांबवायचे आपण, आणि तेच मी केले नव्हते.

नळाखाली धरून तिला भिजवले, पंख्यासमोर ठेवले आणि मगच रिक्षा पकडली. हा क्रम महत्त्वाचा: आधी गार करा, मग दवाखाना गाठा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; दवाखान्यात तिचे अजून ४० च्या वर होते. ती वाचली.

आता धावणे उजाडण्याआधी, तेही बेताचे. बाकी काम डोक्याला. अमेरिकेतल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला हजारावर खेळण्यांची नावे येत. २०११ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आमची मजल अठरा नावांपर्यंतच गेली आहे. पण नाव घेतलेली वस्तू आणणे, लपवलेला खाऊ हुंगून शोधणे, अशा पंधरा मिनिटांनंतर दोघे गाढ झोपतात. शिकवणी मात्र वेगवेगळ्या खोल्यांत घ्यावी लागते. आणि सतरंजीवर नुसते पडून राहणे, हेही शिकवावेच लागले.

पावसाळ्यात गोचिडांचा प्रश्न येतो, तेव्हा एक खबरदारी. कॉली वंशातल्या काही कुत्र्यांत ‘एमडीआर-१’ या जनुकात दोष असतो. त्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस दिला तर औषध मेंदूत साचून जिवावर बेतू शकते. बॉर्डर कॉलीत हा दोष कमी आढळतो, पण जनुकीय चाचणी होईपर्यंत डॉक्टरांना आठवण करून द्यावी. आमच्या दोघांच्या फाइलवर पहिल्याच पानावर ते लाल पेनाने लिहिले आहे.