निळी पट्टी

जखमेचा वास दारापर्यंत येत होता आणि रिपोर्टवर ओळ होती: जंतूंची वाढ आढळली नाही.

श्रीपूरच्या शिवारात रात्री दारं धरताना एका शेतकऱ्याच्या तळव्यात उसाचा बुडखा घुसला. अंगात शुगर, त्यामुळे दुखलंही नाही. आठवड्याने पाय सुजला. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने या गावाला ऊस आणि कारखाना दिला. इथे अशा जखमा नव्या नाहीत.

वास खरा की रिपोर्ट? याचं उत्तर मिळालं ते सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत. कापसाच्या काडीवरचा नमुना पंढरपूरमार्गे पोहोचेपर्यंत त्याला हवा लागते, आणि विनॉक्सी जंतूंना हवा हेच विष. टेबलावर येतो तो मेलेला पुरावा.

या वेळी पू सिरिंजमध्ये ओढून, हवा काढून, टोपण लावून आला होता. तंत्रज्ञ ताईंनी टोपण काढताच तो वास आला. गोडसर, कुजका, घशात बसणारा. इतर कुणी नाक दाबलं असतं. ताईंचा चेहरा खुलला. त्यांच्या लेखी तो निम्मा रिपोर्ट होता.

नमुना रक्त घातलेल्या आगरच्या प्लेटवर पसरला, वर मेट्रोनिडाझोल या औषधाची ५ मायक्रोग्रॅमची चकती ठेवली. दुसरी प्लेट मुद्दाम हवेत. पहिली जारमध्ये, सोबत ऑक्सिजन शोषणारी पुडी आणि एक निळी पट्टी. आतला ऑक्सिजन संपला की पट्टी पांढरी पडते. ताई जाता-येता तिच्याकडे बघत होत्या, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं. ४८ तास जार उघडायचा नाही.

४८ तासांनी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ; हवेतल्या प्लेटवर त्या जंतूचा मागमूस नाही. म्हणजे जंतू विनॉक्सी; नाव निघालं बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस. जेंटामायसिन याच्यावर चालतच नाही, कारण ते औषध पेशीत शिरायलाच ऑक्सिजन लागतो. पुढची परीक्षा औषधाच्या चढत्या मात्रेच्या पट्ट्यांवर, आणि पुन्हा ४८ तास.

इतका वेळ कोण थांबतं? बहुतेक ठिकाणी ही तपासणी होतच नाही, औषध अंदाजाने दिलं जातं. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, हे खरं. पण चुकतो तेव्हा पायाचं बोट जातं, कधी पाय.

ताईंनी प्लेट उजेडात तिरकी धरली. मेट्रोनिडाझोलच्या पट्टीवर वाढ ०.५ च्या आकड्यापाशी थांबलेली. ८ पर्यंत औषध लागू मानतात. क्लिंडामायसिनच्या पट्टीला मात्र जंतू वरच्या टोकापर्यंत, २५६ पर्यंत, चिकटून वाढलेले. रुग्णाला क्लिंडामायसिनच सुरू होतं.

छापील रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. तिकडून उत्तर येईपर्यंत दुसऱ्या हाताने पुढच्या नमुन्याचा जार बंद केला. आतली पट्टी अजून निळी होती.