पोरकं पोर आणि आपली वस्ती



या अंकात ऊस, खत, पाणी यांची माहिती नेहमीप्रमाणे आहेच. पण उसाइतकंच जपायचं एक पीक प्रत्येक वस्तीवर असतं, ते म्हणजे पोरंबाळं. त्यातलं एखादं आई-बापावाचून उघडं पडलं, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेमकं काय करायचं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्हालाही नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवरचा एक शेतकरी रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याची कारभारीण आधीच्या साली आजारपणात गेलेली. मागे उरली सत्तरीतली आजी, आठवीतली मुलगी अन् तिसरीतला मुलगा. तेरा दिवस घरोघरच्या भाकरी आल्या. चौदाव्या दिवसापासून आजीच्या चुलीचा धूर कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही. मग बायकांनीच पाळी लावली. कुणी दूध, कुणी सकाळचा डबा, कुणी पोराचा अभ्यास. ते काम उत्तम झालं. कागदाचं काम मात्र आम्ही पुरुषांनी अंगावर घेतलं अन् तेच बिघडवलं. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून पुढच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट : मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. उशीर झाला की शुल्क, अर्ज, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असं लचांड मागे लागतं. आई आणि बाप दोघांचेही दाखले काढून चार-चार प्रती करून ठेवा. पुढचं प्रत्येक दार याच कागदाने उघडतं. आमच्याकडे आईच्या मृत्यूची नोंदच झालेली नव्हती.

शेतकऱ्याचा मृत्यू अपघाती असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दुःखाच्या घरात कागद कसा मागावा, या संकोचात आमची ती मुदत टळली. संकोच आमचा, नुकसान पोरांचं.

दुसरी गोष्ट : बाल संगोपन योजना

पुष्कळांची समजूत अशी, की अनाथ पोर म्हटलं की त्याला आश्रमातच धाडायचं. तसं नाही. मूल होता होईतो कुटुंबातच वाढावं, असंच कायदा म्हणतो. आजी, मामा, चुलता किंवा दुसरं कुटुंब सांभाळत असेल, तर राज्य शासनाच्या बाल संगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंत. आई किंवा बाप एकच हयात असला, तरी अर्ज करता येतो.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. मंजुरी बाल कल्याण समिती देते. सोबत मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला आणि बँकेचं पासबुक लागतं. आमचा अर्ज वर्षभर उशिरा गेला. हिशेब करा : एका पोराचे २७,००० आणि दोघांचे ५४,००० रुपये. आजीच्या घरात एवढ्यात वर्षाचा किराणा आला असता.

तिसरी गोष्ट : जमीन

सातबाऱ्यावर मुलांची वारस नोंद ताबडतोब करून घ्या. अज्ञानाच्या नावापुढे 'अ. पा. क.' म्हणून सांभाळणाराचं नाव लागतं. पण ध्यानात घ्या, हे नाव लागलं म्हणजे जमीन विकायचा अधिकार मिळाला असं नव्हे. 'खर्चाला पैसा नाही, एकरभर काढून टाकू' असं म्हणणारा सोयरा हमखास उगवतो. आमच्याकडेही उगवला. आई-बाप नसलेल्या अज्ञानाची जमीन आजीला किंवा चुलत्याला परस्पर विकता येत नाही. त्यासाठी १८९० च्या कायद्याने न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते. एवढं सांगितल्यावर सोयरे चहा पिऊन परत गेले. जाता जाता, कारखान्यातल्या आपल्या शेअरला वारसाचं नाव लावलंय का, तेही एकदा गट ऑफिसात पाहून या.

चौथी गोष्ट : मुलगी

पोरकी मुलगी म्हटली, की नातलगांना तिचं ओझं वाटतं आणि 'हात पिवळे करून मोकळं होऊ' हा सल्ला येतो. आमची पोर नववीत असताना स्थळ आलंच. १८ वर्षांखालील मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे आणि गावात ते रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे. अंगणवाडीच्या ताईंनी ग्रामसेवकाच्या कानावर घातलं, दोघं घरी येऊन बसले, गोडीने समजावलं, स्थळ परत गेलं. पोर आज दहावीत आहे.

तसंच, नात्याबाहेर कुणाला मूल परस्पर 'देऊन टाकणं' हाही २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा ठरतो. देणारा अन् घेणारा दोघंही अडकतात. बेवारस मूल सापडलं, किंवा कुणा पोराला मारहाण होते, कामाला जुंपलं जातं असं दिसलं, तर १०९८ हा नंबर फिरवा. दिवस-रात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

आणि शेवटची : फडातली पोरं

गळीत हंगामात आपल्या शिवारात टोळ्या उतरतात. कोयत्याबरोबर पोरंही येतात. दिवसभर ती कोपीवर असतात नाहीतर फडाच्या बांधावर, जिथे गाड्या भरतात. सहा महिने तीही आपलीच शेजारची पोरं. कागद नाहीत म्हणून शाळेला त्यांना नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. फडमालकाने मुकादमाला विचारावं, 'शाळेच्या वयाची पोरं किती?' आणि गुरुजींना निरोप द्यावा. याला पैसा लागत नाही.

भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ साली वसतिगृह काढलं, तेव्हा सरकारी योजना नव्हत्या. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं. आपल्याला एवढा त्याग करायचा नाही. एक दाखला, एक अर्ज, एक डबा, आणि चौदाव्या दिवशीही त्या घरात डोकावणं, एवढंच करायचंय. आपल्या वस्तीवर असं घर असेल, तर हा अंक वाचून झाल्यावर तिथं जाऊन या.

— एक सभासद