ताकदीची बाटली

डहाणूजवळच्या नरपड गावात कुणी चार दिवस "अंगात त्राणच नाही" म्हणत राहिलं, की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "जा, एक बाटली लावून ये." कुठली बाटली, ते विचारावं लागत नाही. अर्धा लिटर ग्लुकोज-सलाईन आणि त्यात सोडलेलं जीवनसत्त्वांचं पिवळं इंजेक्शन. मुंबईत हेच काम 'आयव्ही ड्रिप' या नावानं गुबगुबीत खुर्चीत बसवून होतं आणि बिल हजारांत येतं. इथे ते लोखंडी कॉटवर उरकतं. बाटलीत जातं ते मात्र दोन्हीकडे बरंचसं सारखंच.

ऑक्टोबरच्या उन्हात शेजारच्या काकूंना घेऊन डहाणूतल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. काकूंचा दिवस पहाटे मासळी घेण्यापासून सुरू होतो. पाटी विकून झाली की घरची कामं, आणि जेवण सापडेल तेव्हा. डॉक्टरांनी बीपी बघितलं, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला, हिमोग्लोबिन तपासायची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून काकू सिस्टरना म्हणाल्या, "पिवळं टाका हं. नुसतं पांढरं नको."

सिस्टरनी तपकिरी काचेतलं औषध सिरिंजमध्ये ओढून बाटलीच्या रबरी बुचातून आत सोडलं. पिवळी रेघ पाण्यात तिरकी उतरत गेली. बाटली दोनदा उलटीसुलटी केल्यावर सगळं पाणी एका रंगाचं झालं. मग सेटचं टोक बुचात खुपसलं, चेंबर दाबून अर्धा भरला आणि नळीतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत रोलर उघडा ठेवला. दंडाला रबर बांधून त्या म्हणाल्या, "काकू, मूठ आवळा." दोन बोटांनी टिचक्या मारत मनगटाच्या वर शीर शोधली. सुई शिरली, तिच्या मागच्या पारदर्शक टोपणात रक्ताचा ठिपका दिसला. रबर सुटलं, चिकटपट्टी लागली. घड्याळावर नजर ठेवून सिस्टरनी थेंब मोजले, मिनिटाला चाळीसच्या आसपास. या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. त्या गतीनं ५०० मिलीला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.

बाटलीवर डीएनएस लिहिलं होतं. म्हणजे दर १०० मिलीत ५ ग्रॅम ग्लुकोज आणि ०.९ ग्रॅम मीठ. अख्ख्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज आणि साडेचार ग्रॅम मीठ. त्या ग्लुकोजमधून मिळणारी ऊर्जा १०० कॅलरींपलीकडे जात नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा एक चिकू तेवढी देतो, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू नरपडच्या वाड्यांमध्ये झाडाला लटकलेला असतो. पिवळा रंग येतो रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे बी-२ मुळे. हे जीवनसत्त्व उजेडात खराब होतं, म्हणून औषध तपकिरी काचेत येतं आणि बाटली उन्हात टांगायची नसते. बी गटातली सगळी जीवनसत्त्वं आणि क पाण्यात विरघळतात. शरीराची गरज भागली की त्यांतल्या बहुतेकांचा उरलेला भाग मूत्रपिंडं बाहेर टाकतात. बाटली लावलेल्या माणसाची लघवी संध्याकाळी हळदीसारखी पिवळी होते, ती त्यामुळेच. औषध लागू पडल्याची ती खूण आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर विकत घेतलेला माल तिथून निघून जात असतो.

शिरेचा रस्ता शोधला गेला तो तोंडाचा रस्ता बंद झाल्यावर. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा या डॉक्टरनं मरणाच्या दारातल्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजायला लावलं आणि छावणीतल्या कॉलऱ्याच्या रोग्यांमधलं मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. आतडं काम करत असेल तर आधी त्याच्यावर भरवसा ठेवावा, हा धडा त्या छावणीनं दिला.

शिरेतून जीवनसत्त्व देणं अगदी अटळ असतं अशाही वेळा आहेत. आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर, गर्भारपणात उलट्या थांबतच नसतील तेव्हा, किंवा वर्षानुवर्षं दारू पिऊन जेवण सोडलेल्या माणसाला. या शेवटच्या माणसाच्या अंगात बी-१ फारसं उरलेलं नसतं. त्याला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ ते पचवण्यात खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून त्याला बी-१ आधी किंवा ग्लुकोजच्या सोबतच द्यावं लागतं. इथे तीच जीवनसत्त्वाची सुई मेंदू वाचवते.

उलट ज्याला गरज नाही त्याला धोकाच जास्त. मधुमेह्याच्या रक्तात आयती साखर जाते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर अर्धा लिटर पाणीही जड जातं. शीर सुजते, आणि क्वचित इंजेक्शनचीच तीव्र ॲलर्जी येते. 'क' जीवनसत्त्वाचा फार मोठा डोस शिरेतून दिला, तर जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता पारशी समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत आढळते, आणि डहाणू तालुक्यात हे दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

बाटली निम्मी झाली तोवर काकूंना झोप लागली होती. जागं झाल्यावर म्हणाल्या, "आत्ताच बरं वाटायला लागलं बघ." मी विचारलं, घरीच दोन तास आडव्या झाल्या असत्या तर? त्या हसल्या. "घरी कोण पडू देतंय? सून म्हणेल, आईंना काय झालं? इथे बाटली लावलीय म्हटल्यावर कोण उठवतंय?"

बाटलीची खरी किंमत मला या उत्तरात दिसली. पाणी मिळालं, थोडं मीठ-साखर मिळाली, आणि भर दिवसा निजायला कुणी हरकत घेणार नाही असं कारण मिळालं. डॉक्टर नाही म्हणाले तर रोगी दुसऱ्या दवाखान्यात जातो, तेही यामुळेच. गोळी लिहून दिली तर घरात दुखणं मानलं जात नाही.

पण थकव्याचं कारण रक्त कमी असणं हे असेल, तर पिवळ्या बाटलीत त्याचा इलाज नाही, कारण तिच्यात लोह नसतं. लोह शिरेतून देता येतं. गर्भवतीचा तीव्र ॲनिमिया किंवा शेवटच्या महिन्यांत लक्षात आलेली रक्ताची कमतरता असेल, तर सरकारी रुग्णालयात आयर्न सुक्रोज देतात. काळ्या चहाच्या रंगाचं हे औषध १०० मिली सलाईनमध्ये मिसळून हळूहळू सोडतात. मात्र आधी हिमोग्लोबिन मोजतात आणि त्यावरून डोस ठरवतात. काकूंच्या वयात रक्त कमी निघालं, तर ते कुठे जातंय हेही शोधावं लागतं.

म्हणून त्या दिवशी काकूंना मिळालेल्या गोष्टींत सगळ्यात कामाची होती ती हिमोग्लोबिनची चिठ्ठी, जी त्यांनी पदरात गाठ मारून ठेवली आणि विसरल्या. ती घेऊन रक्त तपासायला त्यांना कुणी नेलं पाहिजे. दुपारचं जेवण त्यांना वेळेवर मिळालं पाहिजे, आणि घरातल्यांनी त्यांना सुई न टोचताही दोन तास झोपू दिलं पाहिजे. यातलं काहीच दवाखान्यात मिळत नाही, आणि यातल्या कशालाही चार तास हात सरळ धरून पडावं लागत नाही.