गुराबचा नाद खुळा!

दिवाळीत मातीचा किल्ला करणारं कोल्हापूरचं पोरगं नोकरीला लागलं, चार पैसे खिशात खुळखुळू लागले की नवा नाद शोधतं. कुणी बुलेट घेतं, कुणी दर वीकएण्डला पन्हाळा-विशाळगड मारतं. आणि काही हटके मंडळी जहाजाचं मॉडेल करायला बसतात. किट आणून चिकटवायचं नाही हं, लाकडाच्या फळीपासून सगळं घरी!

अशा वेळी मराठी आरमाराची गुराबच डोळ्यांसमोर येते. आपला हक्कच आहे तो. सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव ठेवलं, पुढच्याच वर्षी परत केला. मालवण कायमचं गेलं ते १८१२ च्या तहात. म्हणजे शहराला समुद्र नाही, पण राज्याला आरमार होतं, बॉस!

हौस आहे, हातही तयार आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीला लाकडी पॅटर्न करून देणारा कारागीर जहाजाचा सांगाडाही कापून देईल. पण तो आधी एकच गोष्ट मागणार : ड्रॉइंग. गाडी अडते ती इथे.

कोकणातल्या कारागिरांनी जहाजं बांधली ती नजरेच्या हिशेबाने, कागदावर रेघा मारून नाही. विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये जळालं, त्यामुळे मोजायला जहाजही उरलं नाही. मग आपण नेटवरचं झकास चित्र डाउनलोड करतो. नीट बघा : उंच नक्षीदार पिछाडी, दोन-दोन मजले तोफा. हे तर युरोपियन फ्रिगेट, वर फक्त भगवा लावलेला! असं मॉडेल शोकेसमध्ये गेलं की घरातली पुढची पिढी तेच खरं मानणार.

त्यापेक्षा शत्रूचं ऐका. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात गुराबचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि ते जाम कामाचं आहे. बहुतेकींना दोनच डोलकाठ्या, वजन १५० टनांपर्यंत; तीन डोलकाठ्यांची असेल तर ३०० च्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली आणि तिच्यावरून समोर रोखलेल्या दोन तोफा. गलबत याहून लहान, फार तर ७० टन, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. चित्रंही आहेत, पण जपून. डॉमिनिक सेरेसने विजयदुर्गची लढाई रंगवली ती १७७१ मध्ये, पंधरा वर्षांनी!

मोजमापांसाठी फत्तेमारीकडे वळा. जॉन एडाय याने १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटींची वर्णनं आकृत्यांसह छापली. फ्रेंच नौदल अधिकारी एडमों पारी याने तर मुंबईची फत्तेमारी मापं घेऊन रेखाटली. फत्तेमारी हे व्यापारी जहाज, गुराब नव्हे. तेव्हा तिच्याकडून फळ्यांची जोडणी, डोलकाठीचा कल आणि शिडाची तऱ्हा घ्या. नाळ ऑर्मचीच ठेवा.

वाटेल की हे दुखणं आपलंच. तर जपानी युद्धनौका करणाऱ्यांना विचारा! १९४५ च्या शरणागतीवेळी तिथे कागदपत्रांच्या होळ्या झाल्या. त्यात ‘यामातो’ आधीच कमालीची गुप्त. तरी उरलेले फोटो, कागद आणि समुद्रतळावरचे अवशेष जुळवून कुरे शहराच्या संग्रहालयात तिचं एकदशांश मॉडेल उभं राहिलं, २६.३ मीटरचं! संग्रहालय २००५ मध्ये उघडलं.

त्यांच्याकडे निदान फोटो होते. आपल्याकडे अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात अख्खं शिवलेलं जहाज बांधलं गेलं. चित्राला बाजू एकच, म्हणून आकाराच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये घेतल्या. ‘कौंडिण्य’ या नावाने मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात आलं आणि डिसेंबरात शिडावर मस्कतला निघालंसुद्धा.

तेव्हा ड्रॉइंग स्वतःच काढा, पण दोन रंगांत. पुरावा असलेली रेघ काळी, अंदाजाची लाल. गुराबच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये लालच जास्त दिसेल, दिसू दे. पुढे-मागे कुठल्या दफ्तरात नवा कागद सापडला तर नेमकं काय खोडायचं ते कळेल. एडायची फत्तेमारी साधारण ७६ फुटांची; १:७२ मध्ये जेमतेम फूटभर होते. तेवढी गुराब टीव्हीशेजारी आरामात मावेल. घरच्यांशी तह मात्र तुमचा तुम्ही करा.