मोटेचा नाडा आणि विजेची केबल

पंप येण्यापूर्वीं मराठवाड्यांत विहिरीचें पाणी मोटेनें काढीत. बैल धावेवरून उताराला चालत, नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट वर येई. विहिरींतून उभा आलेला नाडा चाकावरून बैलांकडे आडवा वळे. चाक फिरतें असेपर्यंत बैलांना मोटेच्या वजनाहून फारशी अधिक ओढ लागत नसे. तेंच चाक अडकलें कीं नाडा लांकडावर घासूं लागे, बैल दमत आणि नाडा नेमका वळणाच्या जागीं झिजे. नांदेड किंवा लातूरसारख्या शहरांत रस्त्याखालून विजेची केबल ओढणाऱ्या कामगारापुढें जो प्रश्न उभा राहतो, तो मुळांत ह्या चाकाचाच प्रश्न होय.

केबल म्हणजे केवळ तार नव्हे. आंत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक, त्यावर विद्युद्रोधक आवरण, त्यावर धातूचा पातळ पडदा, पोलादी चिलखत आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकची साल, अशी तिची रचना असते. ओढतांना तिला दोन प्रकारें इजा होते. ताण फार झाला तर वाहक लांबतो. आणि वळणाच्या आंतल्या कडेवर ती जोरानें दाबली गेली तर आवरण चेपतें. पहिला तो ओढीचा ताण, दुसरा तो कडेचा दाब.

ताणाची मर्यादा वाहकाच्या जाडीवरून ठरते. वाहकालाच पकडून ओढल्यास ॲल्युमिनियमला दर चौरस मिलिमीटरास ३ किलो व तांब्याला ५ किलो ओढ चालते, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रत्येकीं ३०० चौरस मिलिमीटरच्या तीन ॲल्युमिनियम वाहकांची केबल घेतली तर ही मर्यादा २७०० किलो होते.

आतां एक उदाहरण घेऊं. केबलीचें वजन मीटरला ८ किलो, मार्ग २०० मीटर, आणि घर्षण वजनाच्या निम्में. एका टोकापासून ३० मीटरवर काटकोनाचें वळण असून त्याची त्रिज्या १.२ मीटर आहे. सरळ मार्गावर ताण मीटरागणिक ४ किलोनें वाढतो, म्हणजे बेरजेनें वाढतो. वळणावर मात्र तो गुणाकारानें वाढतो. ह्या घर्षणाला काटकोनांतून बाहेर पडतांना तो सुमारें २.२ पट होतो. अडकलेल्या चाकावर बैलांना दुपटीहून अधिक ओढावें लागे, त्याचें कारण हेंच.

केबलीचें रीळ वळणाकडच्या टोकाला ठेवलें, तर वळणापाशीं ताण १२० किलो, वळण ओलांडल्यावर २६३, आणि शेवटीं ९४३ किलो भरतो. रीळ दुसऱ्या टोकाला ठेवलें, तर वळणापाशीं ६८०, वळणानंतर सुमारें १४९०, आणि शेवटीं १६१० किलो. दोन्ही आंकडे २७०० च्या आंत आहेत. ताणमापकाकडे पाहणारा मनुष्य दोन्ही वेळां निश्चिंत राहील.

पण खरा धोका तेथेंच दडलेला असतो. कडेचा दाब काढावयाचा तर वळणानंतरच्या ताणाला त्रिज्येनें भागावें लागतें. पहिल्या रीतीनें तो मीटरला सुमारें २२० किलो येतो, दुसऱ्या रीतीनें १२४० किलो! पुष्कळ केबलींस मीटरमागें सुमारें ७५० किलो, कांहींस त्याहूनहि कमी, अशी मर्यादा धरतात. निर्मात्यानें दिलेला आंकडाच प्रमाण मानावा. केबल तीच, मार्ग तोच, माणसेंहि तींच. केवळ रीळ चुकीच्या टोकाला ठेवल्यानें आवरण चेपलें जातें. अशी केबल कित्येकदां पहिल्या दिवशीं चालते आणि पुढें कांहीं महिन्यांनीं, ऐन उन्हाळ्यांत, जमिनीखालीं निकामी होते. मग पाणीपुरवठ्याचे पंप थांबतात, रुग्णालयांत धावपळ उडते, आणि रस्ता पुन्हां खणावा लागतो.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. अशा ठिकाणीं वळण टाळतां येत नाहीं. पण तें मोठ्या त्रिज्येचें करतां येतें, आणि रीळ कोठें ठेवावें हें आधीं कागदावर ठरवितां येतें. फिरत्या रुळांनीं घर्षण वजनाच्या पंचमांशावर आणलें, तर वरच्या उदाहरणांत उलट दिशेनेंहि दाब सुमारें ३१० किलोवर उतरतो. मात्र वळणावर एकच रूळ ठेवूं नये, कारण सारा भार त्या एका बिंदूवर येतो. तेथें जवळजवळ अनेक रूळ लावावेत. नळींतून ओढतांना योग्य वंगण वापरावें. ओढ सावकाश, हिसका न देतां असावी.

हा धडा जगानें महाग किंमत देऊन घेतला आहे. १८५७ च्या ऑगस्टांत अटलांटिक महासागरांत तारायंत्राची केबल टाकतांना जहाजावरचा ब्रेक फार आवळला गेला आणि केबल तुटून समुद्रांत गेली. उलट २०१८ सालीं मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर समुद्राखालून सुमारें साडेसात किलोमीटर केबलीनें वीज पोहोंचली, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनीं तेथील घरें उजळलीं.

बळ किती लावलें ह्यापेक्षां तें कोठें पडलें, हें पाहणें महत्त्वाचें. जुना मोटकरी नाडा तपासतांना प्रथम चाकावरची जागा चांचपून पाही. केबल ओढणाऱ्यानेंहि वळणावरच प्रथम नजर ठेवावी.