लहान मेंदू आणि झोकांड्या खाणारे उंदीर



बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलांच्या वॉर्डमध्ये ड्युटीवर होते. आपल्याच लोकांतली एक तरुण आई दीड वर्षाचं बाळ घेऊन आली. बाळ आधाराशिवाय बसत नव्हतं. तपासणीत त्याचा लहान मेंदू नीट वाढलेला नाही असं दिसलं. शेजारी आजी मराठीत पुटपुटत होती, "सांगितलं होतं, पोटुशी असताना पपई खाऊ नको म्हणून." मुलीला मराठी जेमतेम येत होतं, पण हिब्रूतही पपईला पपायाच म्हणतात. तिला कळायचं ते कळलं आणि ती रडू लागली.

आजीला काय सांगावं ते मला तेव्हा सुचलं नाही. आज सांगते. त्यासाठी उंदरांची गोष्ट सांगावी लागेल.

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो. वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या दर पाच चेतापेशींपैकी चार त्यात असतात. तोल सांभाळणं, सरळ चालणं, सुईत दोरा ओवणं ही कामं त्याची. त्यातल्या बहुतेक बारीक पेशी त्याच्या वरच्या पृष्ठभागावर तयार होतात आणि मग प्रत्येकीला आत उतरावं लागतं. उतरायला उभे तंतू असतात. कोकणात पाडेकरी माडाला कवटाळून खाली सरकतो ना, अगदी तशी ही पेशी तंतूला बिलगून उतरते. बाळ जन्मल्यावरही हे कित्येक महिने चालू असतं.

'वीव्हर', म्हणजे विणकर, नावाच्या उंदरांत हे उतरणं होत नाही. पेशी वरच अडकतात आणि मरतात. उंदीर थरथरतो, डुलत चालतो. १९७३ साली पास्को राकिच आणि रिचर्ड सिडमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तंतूही बिघडलेले. त्यांचा कयास, दोष तंतूंचा. म्हणजे माडच धड नाही, पाडेकरी उतरणार कसा?

१९८६ साली मेरी हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बशीत अदलाबदल करून पाहिली. आजारी उंदराच्या पेशी निरोगी तंतूंवर सोडल्या, त्या उतरल्या नाहीत. निरोगी पेशी आजारी तंतूंवर सोडल्या, त्या सरसर सरकल्या. बिचारा माड तेरा वर्षं उगाच बदनाम! पुढे १९९५ साली मूळ सापडलं. पेशीत क्षारांची ये-जा करणारं एक दार असतं, त्याच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं होतं.

दुसरा उंदीर 'रीलर', म्हणजे झोकांड्या खाणारा. एडिंबरोच्या डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्यात पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी आतून वर येऊन रांगेत बसायच्या, त्या आतच गोळा होऊन राहतात. इथे मात्र त्या पेशी निर्दोष असतात. शेजारच्या पेशींनी सोडायचं रीलिन नावाचं प्रथिन मिळत नाही, म्हणून त्यांना वाट कळत नाही. २००० साली माणसांच्या मुलांतही याच जनुकातला बिघाड सापडला. असं मूल होण्यासाठी बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. ते दोघे स्वतः धडधाकट असतात.

पपईचं म्हणाल तर पिकलेली खुशाल खा. कच्ची टाळा म्हणतात ती गर्भपाताच्या भीतीने, तिचा लहान मेंदूशी संबंध नाही. दारू मात्र गरोदरपणी खरंच या पेशींना मारते. तेव्हा सुनेला टोकायचंच असेल तर त्यावरून टोका. आणि आपल्यात पूर्वी नात्यात लग्नं होत. घरात असं मूल असेल तर पुढच्या बाळाआधी कुपत खोलीमच्या डॉक्टरांना विचारून जनुकांचा सल्ला जरूर घ्या.

त्या बाळाच्या आईबापांचंही रक्त पुढे तपासलं. जनुक निराळं होतं, पण दोष दोघांकडून आलेला. आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनही आलं असेल?" मी म्हटलं, "असेल, मावशी." ती बराच वेळ गप्प बसली. मग उठून तिने नातीच्या हातातून बाळ घेतलं आणि तिला जेवायला पाठवलं.